शेऱ्याचा आकडा करणारा माणूस

जुन्या प्रगतिपुस्तकात शेवटी एक रकाना असायचा, ‘शेरा’. वर्गशिक्षिका त्यात दोन-चार शब्दांत पोराचं अख्खं वर्ष बसवायच्या. ‘हुशार, पण चंचल.’ ‘वर्गात लक्ष नसते.’ ‘बडबड कमी करावी.’ ‘वह्या अपूर्ण.’ घरी त्या शेऱ्याखाली वडिलांची सही व्हायची, सहीच्या आधी एखादा धपाटा किंवा नुसताच उसासा, आणि विषय पुढच्या सहामाहीपर्यंत मिटायचा. शेऱ्यात निरीक्षण असायचं, यात शंका नाही. चाळीस-पन्नास मुलं रोज पाच तास डोळ्यांपुढे असलेल्या बाईंना कोण जागेवर ठरत नाही हे आईबापांपेक्षा अधिक कळतं. पण किती चंचल? कुणाच्या तुलनेत? दिवाळीआधी होता त्यापेक्षा कमी झाला की वाढला? इथे शेरा गप्प बसतो.

अमेरिकेतल्या एका मानसशास्त्रज्ञानं आपली पन्नासहून अधिक वर्षं याच प्रश्नांत घातली. त्यांचं नाव किथ कॉनर्स. अवधान टिकवण्यातली अडचण, अतिचंचलता आणि उतावीळपणा ही ज्याची लक्षणं, त्या एडीएचडीच्या अभ्यासात हे नाव टाळून पुढे जाता येत नाही. मुंबई-पुण्यातल्या बालमार्गदर्शन केंद्रांतही शिक्षकांना आणि पालकांना एक छापील फॉर्म भरायला देतात, तेव्हा बरेचदा तो ‘कॉनर्सचा फॉर्म’ असतो. बाईंच्या शेऱ्याचा आकडा केला तो याच माणसानं. आणि वयाच्या ऐंशीव्या वर्षी, आपल्याच क्षेत्रातल्या तज्ज्ञांसमोर उभं राहून, त्या आकड्यांच्या जोरावर चाललेल्या घाऊक निदानाला राष्ट्रीय आपत्ती म्हणाला तोही हाच.

खाणगाव ते बाल्टिमोर

कॉनर्स यांचा जन्म १९३३ साली युटा राज्यातल्या बिंगहॅम गावचा. हे तांब्याच्या खाणीचं गाव. खाण वाढत गेली आणि पुढे तिनं गावच गिळलं. आज तिथे जगातल्या सर्वांत मोठ्या मानवनिर्मित खड्ड्यांपैकी एक आहे. पोरगा विलक्षण हुशार निघाला. शालेय शिक्षण पुरतं संपण्याआधीच शिकागो विद्यापीठात दाखल झाला, ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला गेला आणि १९६० साली हार्वर्डमधून क्लिनिकल सायकॉलॉजीची डॉक्टरेट घेऊन बाहेर पडला.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि सायकियाट्रिस्ट या दोन पाट्यांमध्ये आपल्याकडे नेहमी गल्लत होते, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट आधी एमबीबीएस झालेला असतो. तो औषधं लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्र शिकून आलेला असतो. चाचण्या घेणं, मोजणं, वर्तनावर आधारित उपचार करणं हे त्याचं काम. औषधाची चिठ्ठी तो लिहीत नाही. आपल्याकडे त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. कॉनर्स दुसऱ्या पाटीचे. गोळी देण्याचा अधिकार नसलेल्या या माणसाकडे गोळीचा गुण येतो की नाही हे ठरवण्याची जबाबदारी आली, आणि त्यांची सारी कारकीर्द त्यातूनच घडली.

डॉक्टरेटनंतर ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात रुजू झाले. तिथे बालमानसोपचाराचे प्रमुख होते लिऑन आयझेनबर्ग. त्या काळी मुलांच्या मानसिक अडचणींवर प्रदीर्घ संभाषणं, आईच्या वागण्याची चिकित्सा, स्वप्नांचे अर्थ असा बराच मोठा पसारा असे. त्यातलं नेमकं काय उपयोगी पडतं हे कुणी तपासलेलं नसे. आयझेनबर्ग यांना ते पटेना. इतर वैद्यकशाखांमध्ये नव्या औषधाची परीक्षा जशी घेतात, तशी ती मुलांच्या मनाच्या औषधांचीही व्हायला हवी, असा त्यांचा आग्रह होता. निम्म्या मुलांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि कुणाला कोणती मिळाली हे ना आईला ठाऊक, ना बाईंना, ना तपासणाऱ्याला.

‘गणिताच्या गोळ्या’

गोळ्या होत्या, आणि त्यांची कथा योगायोगाची आहे. १९३७ साली ऱ्होड आयलंड राज्यातल्या मुलांच्या एका निवासी रुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर काम करत होते. मेंदूचा एक्स-रे काढण्यासाठी त्या वेळी पाठीच्या मणक्यातून पाणी काढावं लागे आणि त्यानं मुलांचं डोकं भयंकर दुखे. ते थांबेल या आशेनं ब्रॅडलींनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिलं. डोकेदुखीला फारसा उतार पडला नाही. पण तीस मुलांपैकी जवळजवळ निम्मी मुलं अभ्यासाला चिकटून बसू लागली. मुलांनीच त्या गोळ्यांना नाव दिलं, ‘गणिताच्या गोळ्या’. पुढे १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये लिआंद्रो पानिझ्झोन या रसायनशास्त्रज्ञानं मिथाइलफेनिडेट तयार केलं आणि बायकोच्या, म्हणजे रीटाच्या, नावावरून ते रिटालिन झालं.

गोळ्या गुणकारी आहेत असं ब्रॅडलींचं निरीक्षण सांगत होतं. पुरावा मात्र नव्हता. आयझेनबर्ग आणि कॉनर्स यांनी साठच्या दशकात अशा गोळ्यांच्या नियंत्रित चाचण्या सुरू केल्या आणि १९६३ साली मिथाइलफेनिडेटवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. मुलांच्या मानसोपचारातल्या अगदी पहिल्या नियंत्रित औषधचाचण्यांमध्ये त्याची गणना होते. गोळी घेतलेली मुलं पोकळ गोळीवाल्यांपेक्षा सुधारत होती.

पण ‘सुधारली’ म्हणजे काय? तापाला थर्मामीटर आहे, साखरेला रक्ततपासणी आहे. वर्गात बाकावरून उठणाऱ्या, शेजारच्याची वही ओढणाऱ्या, सांगितलेलं अर्ध्यात सोडणाऱ्या मुलासाठी काय आहे? आईला विचारलं तर ती म्हणणार, ‘हो, जरा बरा आहे.’ हे ‘जरा’ मोजायचं कसं, याचं उत्तर कॉनर्स यांना हवं होतं.

३९ ओळींचं पान

उत्तर १९६९ साली छापून आलं: शिक्षकानं भरायची ३९ ओळींची एक प्रश्नावली. प्रत्येक ओळीत मुलाच्या वागण्यातली एक साधी, दिसणारी गोष्ट. सतत चुळबुळ करतो का, घेतलेलं काम पुरं करतो का, चटकन रडतो का, इतरांना त्रास देतो का. प्रत्येकीपुढे चार पर्याय: अजिबात नाही, थोडंसं, बऱ्यापैकी, खूपच. त्यांचे गुण शून्य ते तीन. दहा मिनिटांत बाईंचा फॉर्म भरून होतो.

दिसायला ही अगदी किरकोळ गोष्ट. तिच्यामागचं गणित मात्र किरकोळ नाही. पुष्कळ मुलांचे फॉर्म गोळा केल्यावर कॉनर्स यांनी तपासलं की कोणत्या ओळी एकमेकींच्या हातात हात घालून चालतात. ‘चुळबुळ करतो’ला जास्त गुण मिळालेल्या मुलाला आणखी कशाकशात जास्त गुण मिळतात? या पद्धतीला घटक-विश्लेषण म्हणतात. त्यातून ३९ ओळी पाच गटांत वाटल्या गेल्या: भांडखोरपणा, दिवास्वप्नं आणि लक्ष नसणं, भित्रेपणा, अतिचंचलता आणि सहकार्यानं वागणं. बाई ज्या मुलाला एका शब्दात ‘त्रासदायक’ म्हणत, तो आता पाच वेगळ्या अंगांनी दिसू लागला. एखादा मारामारी करणारा पण लक्ष टिकवणारा. दुसरी कुणालाच त्रास न देणारी, खिडकीबाहेर पाहत बसणारी. त्या दुसरीला आधीच्या काळात शेरासुद्धा मिळाला नसता.

आणखी एक बारकावा कॉनर्स आणि त्यांच्या मागून आलेल्यांच्या ध्यानात आला. काहीही उपचार न करता हाच फॉर्म दुसऱ्यांदा भरायला दिला, तरी गुण थोडे खाली येतात. पहिल्यांदा माणूस मनातला साचलेला राग ओळींवर काढतो. दुसऱ्यांदा जरा शांतपणे लिहितो. त्यामुळे गोळी सुरू करण्याआधीच फॉर्म दोनदा भरून घ्यावा, नाहीतर नुसता उतरलेला राग औषधाच्या खात्यावर जमा होईल, अशी शिफारस पुढे रूढ झाली.

१९६९ च्या त्या निबंधाच्या मथळ्यातच फॉर्मचा हेतू लिहिलेला होता: मुलांवरच्या औषधांच्या अभ्यासात वापरण्यासाठी शिक्षकांची श्रेणी. ज्या मुलाचं निदान आधीच डॉक्टरांनी केलं आहे, त्याच्यात आठवड्याआठवड्याला काय बदल होतो, हे टिपणारं ते साधन होतं. निदान करणारं यंत्र म्हणून ते जन्मलं नव्हतं.

नाव बदलत गेलं

कॉनर्स काम करत होते त्या काळात आजाराचं नावही स्थिर नव्हतं. सुरुवातीला ‘किंचित मेंदूबिघाड’ अशा अर्थाचं नाव चालायचं. बिघाड मात्र कुणाला दाखवता येत नसे. १९६८ साली अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ‘बालपणातली अतिचंचल प्रतिक्रिया’ असं नाव आलं. भर होता तो धावपळीवर. मग कॅनडातल्या मॅक्‌गिल विद्यापीठाच्या व्हर्जिनिया डग्लस यांनी दाखवून दिलं की या मुलांची मूळ अडचण पायांत नाही. लक्ष टिकवणं आणि मनाची उसळी आवरणं त्यांना जड जातं. त्याही मानसशास्त्रज्ञच. त्यांच्या कामाचा परिणाम म्हणून १९८० च्या पुस्तिकेत नावात ‘अवधान’ आलं आणि १९८७ साली ‘एडीएचडी’ ही चार अक्षरं रूढ झाली.

लक्ष हाच गाभा ठरला, तर तेही मोजायला हवं. शिक्षकाच्या मतावर विसंबून न राहता थेट मुलाकडून मोजता येईल का? कॉनर्स यांनी आधीपासून असलेल्या एका चाचणीला संगणकावर नवं रूप दिलं. पडद्यावर एकामागून एक इंग्रजी अक्षरं येतात. प्रत्येक अक्षराला बटण दाबायचं, फक्त ‘एक्स’ आला की हात आवरायचा. १४ मिनिटं, ३६० अक्षरं. अक्षर येऊनही बटण दाबलं गेलं नाही, तर लक्ष सुटलं. ‘एक्स’ला दाबलं, तर हात आवरला नाही. आणि प्रतिसादाचा वेग एकसारखा न राहता मिनिटामिनिटाला हेलकावे खात असेल, तर तीही एक खूण. कंटाळवाणं वाटतं? तोच तर चाचणीचा मुद्दा आहे. आवडीच्या व्हिडिओ गेमवर तासभर नजर खिळवणारं मूल इथे चौथ्या मिनिटाला घसरतं, कारण खेळ दर दोन सेकंदांना बक्षीस देतो आणि ही चाचणी काहीच देत नाही. तरीही या चाचणीत नीट उत्तरं दिली म्हणून एडीएचडी नाही असं म्हणता येत नाही, आणि वाईट दिली म्हणून आहे असंही नाही. बाईंचे गुण आणि संगणकाचे गुण पुष्कळदा जुळतही नाहीत.

रंगीत बिस्किटांची परीक्षा

सत्तरच्या दशकात एक नवा सिद्धांत घराघरांत पोचला. सॅन फ्रान्सिस्कोचे ॲलर्जीतज्ज्ञ बेंजामिन फाइनगोल्ड म्हणू लागले की खाण्यातले कृत्रिम रंग आणि स्वाद मुलांना चंचल करतात. १९७५ साली त्यांचं पुस्तक आलं आणि हजारो आयांनी स्वयंपाकघरातून रंगीत डबे बाहेर काढले. बहुतेक संशोधकांनी नाक मुरडलं. कॉनर्स यांनी ते केलं नाही. आया सांगतात तर तपासू या, ही त्यांची भूमिका. तेव्हा ते पिट्सबर्ग विद्यापीठात होते.

१९७६ साली त्यांनी अतिचंचल मुलांच्या एका छोट्या गटावर प्रयोग केला. काही आठवडे फाइनगोल्ड यांचा आहार आणि काही आठवडे तितकाच कटकटीचा दुसरा आहार, आणि कोणता खरा हे पालकांना ठाऊक नाही. दुसरा आहारही कटकटीचाच हवा, हे महत्त्वाचं. मुलासाठी आई वेगळं शिजवू लागली, जेवणावर लक्ष ठेवू लागली, की त्या लक्षानंच घर बदलतं. शिक्षकांच्या गुणांत फाइनगोल्ड आहारानं थोडी सुधारणा दिसली. निष्कर्ष जाहीर करून मोकळं होण्याऐवजी त्यांनी पुढची पायरी घेतली. मुलांना चॉकलेटची बिस्किटं द्यायची. काहींत कृत्रिम रंग मिसळलेला, काहींत नाही. चॉकलेटच्या तपकिरीत रंग लपून जातो. या कसोटीत रंगाचा परिणाम जवळजवळ विरला. १९८० साली त्यांनी या विषयावर पुस्तक लिहून निकाल दिला: काही थोड्या मुलांना त्रास होत असेल, पण चंचलतेचं सर्वसाधारण कारण हे नाही. २००७ साली ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टनच्या अभ्यासात काही रंगांचा छोटासा परिणाम सापडला आणि २०१० पासून युरोपात तशा पदार्थांवर इशारा छापणं सक्तीचं झालं. म्हणजे तीन दशकांनंतरही उत्तर तेवढंच: परिणाम असला तर छोटा.

पाचशे एकोणऐंशी मुलं

१९८९ साली कॉनर्स उत्तर कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठात आले आणि तिथे त्यांनी एडीएचडीचं केंद्र उभं केलं. याच काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं या क्षेत्रातली सर्वांत मोठी उपचारचाचणी हाती घेतली आणि कॉनर्स तिच्या प्रमुख संशोधकांपैकी एक होते. सात ते नऊ वर्षांची ५७९ मुलं, चार गट, चौदा महिने. एका गटाला काळजीपूर्वक मात्रा ठरवून औषध. दुसऱ्याला फक्त वर्तनोपचार: पालकांचं प्रशिक्षण, शाळेत मदतनीस, उन्हाळी शिबिर. तिसऱ्याला दोन्ही. चौथ्याला गावातल्या डॉक्टरकडे जो मिळेल तो उपचार.

१९९९ सालच्या डिसेंबरात निकाल आला. चंचलता आणि लक्ष या मूळ लक्षणांवर औषधाचे दोन्ही गट पुढे. बातमी झाली, ‘औषध जिंकलं’. पण त्या निकालात बारीक अक्षरांतही बरंच काही होतं. गावातल्या डॉक्टरांकडच्याही बहुतेक मुलांना औषधच मिळत होतं, तरी ती मागे पडली. कारण प्रयोगातले डॉक्टर दर महिन्याला बोलवत, शिक्षकांना विचारत, मात्रा बदलत. गुण गोळीइतकाच त्या पाठपुराव्याचाही होता. दोन्ही उपचार मिळालेल्या मुलांना औषधाची मात्रा कमी लागली. २००१ साली कॉनर्स यांनी वेगवेगळे गुण एकत्र करून त्याच आकड्यांची पुन्हा मांडणी केली, तेव्हा एकत्रित उपचार नुसत्या औषधापेक्षा सरस दिसला. आणि तीन वर्षांनंतर पाहिलं तर चारही गटांमधला फरक पुसला गेला होता. प्रयोग संपला, पाठपुरावा संपला, आणि त्याबरोबर आघाडीही संपली. औषधांच्या जाहिरातीत मात्र पहिलाच निकाल राहिला.

ऐंशीव्या वर्षीचा हिशेब

२०१३ सालच्या शरद ऋतूत वॉशिंग्टनमध्ये एडीएचडीच्या तज्ज्ञांची बैठक भरली होती. कॉनर्स यांचं वय ऐंशी. ज्या मुलांना पूर्वी वाया गेलेली म्हणून शाळेतून काढत, त्यांना आता उपचार मिळत होते. सत्कार स्वीकारावा असा प्रसंग. त्यांनी सरकारी आकडे वाचून दाखवले. अमेरिकेतल्या माध्यमिक वयाच्या शंभरातल्या १५ मुलांवर या निदानाचा शिक्का होता. औषध घेणाऱ्या मुलांची संख्या १९९० साली सहा लाख होती, ती ३५ लाखांवर गेली होती. ही साथ आलेली नाही, असं ते म्हणाले. औषधं वाटता यावीत म्हणून निदान ताणलं गेलं आहे. न्यूयॉर्क टाइम्सनं त्याची मोठी बातमी केली.

ही टीका नीट वाचायला हवी, कारण अशा बातम्यांचा विपर्यास फार लवकर होतो. त्यांचे गुरू आयझेनबर्ग २००९ साली वारले. मृत्यूच्या काही महिने आधी त्यांनी एका जर्मन पत्रकाराला मुलाखत दिली. मुलांच्या घरची कारणं न पाहता थेट औषध लिहिलं जातं, यावर त्यात टीका होती. तिचं रूपांतर ‘एडीएचडीच्या जनकानं मरणशय्येवर आजार खोटा असल्याची कबुली दिली’ या संदेशात झालं, आणि तो अजूनही फोनांमधून फिरतो. आजार खोटा आहे असं ना आयझेनबर्ग म्हणाले, ना कॉनर्स. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं की एडीएचडीतला सुमारे तीन चतुर्थांश फरक आनुवंशिक आहे. जगभरचे अभ्यास एकत्र केल्यावर मुलांमधलं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास निघतं. २०२५ साली ब्रिटनमध्ये ३० हजार निदान झालेल्या प्रौढांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांचं अपेक्षित आयुर्मान पुरुषांत सुमारे ७ आणि स्त्रियांत सुमारे ९ वर्षांनी कमी निघालं. खऱ्या आजाराकडे दुर्लक्ष करणं महागात पडतं. कॉनर्स यांचा आक्षेप पाच आणि पंधरा यांच्यामधल्या दहा मुलांबद्दल होता.

आकडा कुठे घसरतो

ही दहा मुलं आली कुठून? त्यातली काही त्यांच्याच फॉर्ममधून आली.

अशा फॉर्मच्या गुणांचं रूपांतर एका पट्टीवर करतात. त्या वयाच्या मुलांची सरासरी ५० धरायची आणि दहा-दहाच्या पायऱ्या मोजायच्या. ६५ च्या पुढे गेलं की लक्ष द्या, असा संकेत. आता हिशेब पाहा. गुण नेहमीच्या घंटाकृती आलेखासारखे विखुरलेले असतील, तर कोणत्याही साध्यासुध्या शंभर मुलांतली सहा-सात मुलं ६५ ओलांडणारच. ती आजारी असोत वा नसोत. नुसत्या एका फॉर्मवर निदान केलं, तर पट्टीच मुलं तयार करते.

दुसरी गोष्ट तुलनेची. बाई मुलाची तुलना वर्गातल्या इतरांशी करतात, आणि एकाच वर्गात जवळजवळ वर्षभराच्या अंतरानं जन्मलेली मुलं बसतात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात नऊ लाखांवर मुलांच्या नोंदी तपासल्या. तिथे शाळेचं वय ३१ डिसेंबरला मोजतात, त्यामुळे डिसेंबरात जन्मलेली मुलं वर्गात सर्वांत लहान असतात. त्याच वर्गातल्या जानेवारीच्या मुलांपेक्षा त्यांच्यावर एडीएचडीचा शिक्का बसण्याची शक्यता मुलग्यांत ३० टक्क्यांनी आणि मुलींत ७० टक्क्यांनी जास्त होती. अकरा महिन्यांनी लहान असणं हा आजार ठरत होता.

तिसरी गोष्ट गोळीची. ‘गोळी दिली आणि सुधारला, म्हणजे एडीएचडीच होता’ हे वाक्य पालकांकडून आजही ऐकू येतं. १९७८ साली ज्युडिथ रॅपपोर्ट यांनी अगदी निरोगी मुलग्यांना तसंच उत्तेजक देऊन पाहिलं. त्यांचंही लक्ष सुधारलं आणि चळवळ कमी झाली. गोळी लागू पडली म्हणून निदान सिद्ध होत नाही.

आपल्याकडे चौथी गोष्ट येते: पट्टी कुणाची? अमेरिकी मुलांवर बेतलेली सरासरी साठ मुलांच्या वर्गाला जशीच्या तशी लावता येत नाही. कोइम्बतूरमध्ये ७७० शाळकरी मुलांच्या पाहणीत, कॉनर्स यांचीच छोटी प्रश्नावली वापरून, ११.३२ टक्के मुलं एडीएचडीत बसली. जागतिक अंदाजाच्या दुपटीहून जास्त. भारतीय तज्ज्ञांनी इथल्या मुलांसाठी ‘इन्क्लेन’ या वैद्यकीय संशोधन संस्थेचं निदानसाधन तयार केलं, ते याच गरजेतून. शिवाय शिकण्याची विशिष्ट अक्षमता, कमी ऐकू येणं, झोप न होणं, घरातली भांडणं, न कळणाऱ्या माध्यमातली शाळा, या सगळ्यांचा परिणाम वर्गात एकसारखाच दिसतो: मूल लक्ष देत नाही. ३९ ओळी हे वेगळं करू शकत नाहीत. ते माणसानं बसून, विचारून, तपासून करायचं असतं. निदानाचा नियमही तेच सांगतो: लक्षणं निदान सहा महिने, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी, बाराव्या वर्षाच्या आधीपासून, आणि त्यांनी रोजचं जगणं अडलेलं असलं पाहिजे.

कॉनर्स ५ जुलै २०१७ रोजी ड्यूक विद्यापीठाच्या डरहॅम शहरात वारले. त्यांच्या प्रश्नावलीची चौथी आवृत्ती २०२२ साली आली, त्यांच्या नावानेच. या प्रश्नावलीनं जगभर असंख्य मुलांचं भलंही केलं आहे: ‘वाया गेलेला’ या शेऱ्यातून त्यांना बाहेर काढलं आणि औषध लागू पडत नसेल तर तेही वेळेत दाखवून दिलं.

तेव्हा शाळेनं किंवा केंद्रानं तो फॉर्म हातात दिला, तर घाबरू नका, मनापासून भरा. आई आणि वडील दोघांनी वेगवेगळा भरा. बाईंनाही भरू द्या. तो परत करताना समोरच्याला एवढंच विचारा, ‘याशिवाय आणखी काय काय तपासणार आहात?’ मुलाचा जन्मापासूनचा इतिहास, कान-डोळे, झोप, वाचन-लेखनाची चाचणी, वर्गातलं वय, घरची परिस्थिती, अशी यादी ऐकू आली तर योग्य जागी आला आहात. ‘काही नाही, हा फॉर्म पुरेसा आहे’ असं उत्तर आलं, तर दुसरं केंद्र शोधा.